कुंडीतली काळी चिलटं: येतात कुठून, जगतात कशावर

प्रश्न असा आहे. नागपुरात मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. हॉलमध्ये कूलर, खिडकीपाशी मनीप्लांट, स्नेक प्लांट, फर्न अशा १४ कुंड्या. एप्रिलपासून कुंड्यांवर बारीक काळी चिलटं उडतात, चहाच्या कपात पडतात. डासांचा स्प्रे मारला की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तितकीच. ही डासांची पिल्लं आहेत का? लहान मुलाला चावतील का? आणि बाथरूमच्या भिंतीवर बसलेल्या असतात त्या माशा याच का?

ताई, आधी काळजीचं बोलते. ही चिलटं चावत नाहीत, चावण्याजोगं तोंडच त्यांना नसतं. माणसाचा कुठलाही आजार ती पसरवत नाहीत. डासांची पिल्लंही ती नव्हेत. डासाचं पिल्लू पाण्यात वळवळतं. एकदा पंख फुटले की डास असो, माशी असो की चिलट, कोणीच आकाराने वाढत नाही. तुमच्या कुंडीवरचं चिलट २ ते ३ मिलिमीटरचं आहे कारण ते तेवढंच असतं. डासाशी त्याचं नातं आहे, पण दूरचं.

काटोल रोडला माझी रोपवाटिका आहे, यंदा २२ वर्षं झाली. त्याआधी कृषी पदवीला कीटकशास्त्र शिकले. दर उन्हाळ्यात आणि दर हिवाळ्यात हाच प्रश्न घेऊन लोक येतात, आणि जवळजवळ सगळे स्प्रे मारून थकलेले असतात. स्प्रेने काही होत नाही याचं कारण सरळ आहे. तुम्हाला दिसतो तो या किड्याच्या आयुष्याचा शेवटचा आठवडा. त्याआधीचे अंदाजे तीन आठवडे तो मातीत काढतो, आणि तिथे तुमचा स्प्रे पोचत नाही. जितकी मारली तितकीच दोन दिवसांनी मातीतून वर येतात.

पण ती नक्की तीच आहेत ना, हे पाहा. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा कुंडीवर फिरवून एक पकडा आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. अंग काळं, सडपातळ, पाय लांब, डोक्यावर मण्यांच्या माळेसारख्या लांब मिशा, पंख धुरकट, आणि पंखाच्या मधोमध दोन फांद्या फुटलेली एक शीर, इंग्रजी वाय अक्षरासारखी. ही खूण असेल तर ते फंगस नॅट, म्हणजे बुरशीचं चिलट. कुळाचं नाव सायरिडी. घरातल्या कुंड्यांवर बहुतेक वेळा या कुळातल्या ब्रॅडिसिया प्रजातीची चिलटं असतात. उडण्यात ती कच्ची. कुंडी हलवली की भुर्रकन उठतात, हातभर अंतरावर पुन्हा मातीवर बसून धावायला लागतात.

मिशा आखूड, अंग जाडसर आणि पंखांवर फिकट ठिपके असतील तर ती शेवाळमाशी. ओलं हिरवं शेवाळ हेच तिचं अन्न. कूलरखाली सतत पाणी गळत असेल तर तिथे ती दिसते, झाडाला तिच्यापासून फारसं काही नाही. स्वयंपाकघरात संत्र्याच्या सालींवर, जास्त पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात ती पिवळट अंगाची, लाल डोळ्यांची चिलटं तिसरीच, ड्रोसोफिला. शेतकरी जिला फळमाशी म्हणतात, ती संत्र्याला, पेरूला डंख करणारी मोठी माशी, तिचा या कोणाशीच संबंध नाही. नावं सारखी असल्यामुळे लोक भलतंच औषध घेऊन जातात, म्हणून एवढं सांगितलं.

आता मातीत काय चालतं ते. मादी ओल्या मातीच्या भेगेत १०० ते २०० अंडी घालते, तीही पुंजक्यांनी. जागा ती वासावर निवडते. जिथे काही कुजतं आहे, बुरशी धरली आहे, तिथे तिचं लक्ष. कोरडी, निर्जीव माती तिला नको असते. चार-पाच दिवसांत अंड्यातून अळी निघते. पांढरी, जवळजवळ पारदर्शक, इतकी की पोटात खाल्लेलं दिसतं, आणि डोकं मात्र चकचकीत काळं. ही अळी ओळखायला दुसरं काहीच लागत नाही. दोन आठवडे ती खाते, तीनदा कात टाकते, ५-६ मिलिमीटरची होते, मग मातीच्या वरच्या थरातच रेशमाच्या पातळ वेष्टणात कोष करते. चार-पाच दिवसांनी चिलट बाहेर. २४-२५ अंश तापमानाला अंड्यापासून चिलटापर्यंत ही फेरी तीन ते चार आठवड्यांत पुरी होते. गारठ्यात ती दीड महिन्यावरही जाते. चिलट मग ७ ते १० दिवस जगतं, खातं जवळजवळ काहीच नाही, फार तर पाणी नाहीतर थोडा मध. त्याचं काम एकच, जोडीदार शोधणं आणि अंडी घालणं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावर उभे आहेत. अळ्यांपैकी बहुतेक मातीच्या वरच्या ४-५ सेंटिमीटरमध्ये असतात. त्या खोल जात नाहीत. आणि त्यांची कातडी इतकी पातळ की कोरडी हवा त्यांना सोसतच नाही.

मग नागपूरच्या उन्हाळ्यात त्या जगतात कशा? बाहेर पारा ४५ च्या वर, अंगणातली कुंडी दुपारी हात लावू देत नाही. ३५ अंशांच्या पुढे यांची अंडी आणि अळ्या टिकणं कठीण. अंगणात, गच्चीवर मे महिन्यात ही चिलटं सापडत नाहीतच, तुम्हीही पाहिलं असेल. त्यांना आपण घरात आसरा देतो. कूलर हवा थंड करतो ती पाणी हवेत मिसळून. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते, आणि त्या ओल्या हवेत कुंडीतलं पाणी उडत नाही. आपण मात्र मनात धरून असतो की उन्हाळा आहे, झाडाला रोज पाणी हवं. बाहेरच्या जास्वंदीला ते खरंच हवं असतं, सकाळ-संध्याकाळ. पण हॉलमधल्या मनीप्लांटला त्या दिवसांत हिवाळ्याइतकंच पाणी पुरतं. रोजचं एक गंजभर पाणी, अंधारा कोपरा, दमट हवा, २८-३० अंश: नागपूरच्या मेमध्ये सप्टेंबरचं हवामान आपण एका खोलीत तयार केलेलं असतं. चिलटांना महिना कळत नाही, ओल कळते.

दुसरं कारण आपली माती. काळी माती पाणी धरते, सोडत नाही. शेतात तो तिचा गुण, कुंडीत दोष. वरून सुकून भेगाळते तेव्हा खाली चिखल असतो, आणि ती भेग म्हणजे मादीला अंडी घालायला तयार केलेली जागा. आक्रसलेली काळी माती कुंडीच्या कडेपासून सुटते, पुढच्या वेळी घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली ताटलीत जातं आणि फट ओली राहते. मी बऱ्याच घरी जाऊन पाहिलं आहे: वरची माती कोरडी ठणठणीत, मालक म्हणतात पाणी कमीच घालतो, आणि चिलटं कुंडीच्या तळाच्या भोकातून ये-जा करत असतात.

तिसरं कारण प्रेमाने घातलेलं खत. वापरलेली चहापत्ती, तांदूळ धुतलेलं पाणी, ताक, भिजवलेली शेंगदाणा पेंड. हे सगळं झाडाला पोचण्याआधी बुरशीला पोचतं. घरातल्या कुंडीवर चहापत्तीचा थर ओला राहिला की तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरी लव येते. ती लव हे अळीचं जेवण. निंबोळी पेंडसुद्धा वरून पसरून ओली ठेवली तर तिच्यावरही बुरशी येते. कडुलिंब आहे म्हणून तिथे किडा येणार नाही, हा गैरसमज आहे.

अळी झाडाला खाते का? याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही आणि मी ते देणारही नाही. तिचं खरं अन्न बुरशी, शेवाळ आणि कुजलेला पाला. मोठ्या, रुजलेल्या झाडाच्या कुंडीत पाच-पन्नास अळ्या असल्या तरी झाडाला कळतही नाही. पण अळ्या फार झाल्या, किंवा मुळं कोवळी असली, तर ती मुळांची केसाळ टोकं कुरतडते, कोवळ्या खोडात खालून शिरते. रोपवाटिकेत आणि अळिंबीच्या (मशरूमच्या) खोलीत ती खरीखुरी कीड आहे.

हे मी नुकसान सोसून शिकले. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. डिसेंबरमध्ये पपईची आणि मिरचीची रोपं ट्रेमध्ये होती, शेडनेटखाली. एका पुरवठादाराकडून घेतलेलं शेणखत पुरतं कुजलेलं नव्हतं. हात घातला तर आतून ऊब लागायची, तरी मी ते कोकोपीटमध्ये मिसळलं. दहा दिवसांत रोपं पिवळी पडून कोलमडायला लागली. मला वाटलं मर रोग. मी बुरशीनाशक ओतलं, आठवड्याने पुन्हा ओतलं. प्रत्येक ओतण्यासोबत ट्रे आणखी ओले झाले. रोपं जातच राहिली. शेवटी एक रोप उपटून पांढऱ्या कागदावर धुतलं, तर मुळाची लव साफ गेलेली आणि कागदावर काळ्या डोक्याच्या सात-आठ अळ्या. अर्ध्याहून जास्त ट्रे फेकावे लागले. ती रोपं ज्यांना द्यायचा शब्द दिला होता त्यांचा हंगाम माझ्यामुळे लांबला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कोलमडलेलं रोप धुऊन पाहिल्याशिवाय मी कुठलंही औषध उघडत नाही.

बुरशीचा संशय मात्र अगदीच चुकीचा नव्हता. या अळ्या रोपं कोलमडवणारी पिथियमसारखी बुरशी खातात, आणि तिचे जाड कवचाचे बीजाणू त्यांच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात. चिलटांच्या अंगाला चिकटून फ्युजेरियमचे बीजाणू एका ट्रेवरून दुसऱ्या ट्रेवर जातात. कुरतडलेलं मूळ म्हणजे बुरशीला उघडं दार. संत्र्याच्या कलमांवर चिलटं दिसली की बागायतदार घाबरून विचारतात, डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, यांच्यामुळे येतो का. डिंक्या फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे येतो. पाणी साचलेली जमीन त्याला आवडते आणि या चिलटांनाही आवडते, म्हणून दोन्ही एकाच जागी दिसतात. कलमांच्या पिशव्यांवर चिलटं उठत असतील तर त्यातून निचरा बघायचा, चिलटांना डिंक्याचा दोष द्यायचा नाही.

कीड म्हणून बोलताना मला नेहमी वाटतं की या प्राण्यावर थोडा अन्याय होतो. पावसाळ्यात सेमिनरी हिल्सला किंवा गोरेवाड्याच्या झाडीत जाऊन कुजलेल्या पाल्याचा ओंजळभर थर उचलून पाहा. काळ्या डोक्याच्या अळ्या तिथेही असतात. त्या पाला आणि बुरशी चघळून बारीक करतात, पुढचं काम गांडुळं आणि जिवाणू करतात. सायरिडी कुळात आजवर २,५०० हून जास्त जातींची नोंद झाली आहे, आणि त्यातल्या मोजक्याच माणसाच्या वाटेला जातात. बाकीच्या जंगलाचा पाला माती करण्यात गुंतलेल्या असतात. कोळी, मुंग्या, बेडकं, लहान पक्षी यांना त्या खायला मिळतात. जंगलातली छत्रीसारखी अळिंबी जुनी झाली, छत्री पूर्ण उघडली की मोडून पाहा, आत बारीक अळ्या दिसतात. त्यांत या चिलटांची भावकीही असते, मायसेटोफिलिडी नावाचं कुळ. सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, विकणाऱ्या बायका बंद कळ्या आधी उचलतात आणि उघडलेल्या बाजूला ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

काही फुलं तर यांच्यावरच विसंबून असतात. सापकांदा ज्या प्रजातीत येतो त्या अ‍ॅरिसीमाच्या अनेक जातींचं परागण बुरशीची चिलटं करतात. हे परागण जपानमधल्या जातींवर बारकाईने पाहिलं गेलं आहे. नर फुलाच्या नळीला तळाशी बाहेर पडायला वाट असते. मादी फुलाला ती नसते. पराग घेऊन आत शिरलेलं चिलट मादी फुलात अडकतं आणि तिथेच मरतं. न्यूझीलंडच्या वायटोमो गुहेत छतावर निळसर दिवे लुकलुकतात तेही याच भावकीतल्या एका माशीच्या अळ्यांचे. चिकट धागे सोडून त्या उडते किडे पकडतात.

आणि आपल्या पूर्व विदर्भात या भावकीला सगळे ओळखतात, फक्त नातं ठाऊक नसतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानावर येणारी गादमाशी ही यांची जवळची बहीण. तिची अळी धानाच्या वाढत्या कोंबात शिरते, आणि लोंबी यायची त्या जागी चंदेरी पोंगा येतो, पोकळ नळीसारखा. उशिरा पेरलेल्या ज्वारीचे दाणे पोचट करणारी मिजमाशीही त्याच कुळातली. याच कुळातल्या काही जाती अळिंबीच्या वाफ्यात राहतात आणि त्यांच्यात अळीच अळ्यांना जन्म देते, पंख फुटायची वाटही न पाहता. लेकी आईच्या अंगात वाढतात आणि तिला आतून खाऊन बाहेर पडतात. अन्न भरपूर असेपर्यंत हे असंच चालतं. धिंगरी अळिंबी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: खोलीत एकही माशी उडताना दिसली नाही तरी वाफ्यात अळ्या दुपटी-चौपटीने वाढत असू शकतात.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. काही सायरिड जातींत एक मादी एकतर सगळ्या लेकी जन्माला घालते किंवा सगळे लेक, आणि नर आपल्या बापाकडून आलेली गुणसूत्रं पुढच्या पिढीला देतच नाही. शुक्रपेशी तयार होताना ती बाजूला पडतात. म्हणजे कुठलं गुणसूत्र बापाचं आणि कुठलं आईचं, हे पेशीला कळतं. हेलन क्राउस या शास्त्रज्ञ बाईंनी १९६० मध्ये सायरा नावाच्या चिलटावरच्या कामात या खुणेसाठी 'इम्प्रिंट' हा शब्द वापरला. आज माणसाच्या काही जन्मजात आजारांबद्दल बोलताना डॉक्टर तोच शब्द वापरतात.

आता तुमच्या १४ कुंड्या. आधी अळ्या कुठे आहेत ते शोधा, कारण सगळ्यांत नसतात. बटाट्याची बोटभर जाड चकती प्रत्येक कुंडीत मातीवर दाबून ठेवा. दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. काळ्या डोक्याच्या अळ्या चकतीच्या खालच्या बाजूला जमलेल्या दिसतील. माझा अंदाज, १४ पैकी तीन-चार कुंड्यांतच खरा भरणा निघेल, आणि त्या कूलरच्या झोताजवळच्या असतील.

त्या कुंड्यांचं पाणी थांबवा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. तिथे कोरडं लागेपर्यंत पाणी नाही. मनीप्लांट आणि स्नेक प्लांट आरामात सोसतील, स्नेक प्लांट तर दोन-तीन आठवडे मागणार नाही. फर्नला मात्र असं तहानलेलं ठेवू नका, तिला खालून ताटलीत पाणी द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. चहापत्ती, पेंड, ताक बंद. वरची ४-५ सेंटिमीटर माती खरवडून पिशवीत बांधून टाका आणि तिथे जाड रेती भरा. कन्हान नदीची चाळलेली, जाड दाण्याची रेती उत्तम. रेती लवकर सुकते आणि तिच्यात खायला काही नसतं. पण तळाचं भोक तसंच राहिलं तर चिलटं तिथून येतील, तिथे जाळीचा किंवा जुन्या सुती कापडाचा तुकडा लावा.

उडती चिलटं कमी करायला पिवळे चिकट सापळे लावा, मातीच्या अगदी जवळ, आडवे. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासलं तरी चालतं. सापळ्याने प्रश्न मिटत नाही, पण दर आठवड्याला किती चिकटली ते मोजलं की आपण कुठे आहोत ते कळतं.

एवढ्यावर बहुतेक घरांचं काम होतं. नाही झालं तर मी बीटीआय सुचवते, म्हणजे अळ्या मारणारा एक जिवाणू. इथे विदर्भात 'बीटी' म्हटलं की सगळ्यांना कपाशी आठवते, म्हणून फरक सांगते. कपाशीतलं बीटी बोंडअळीसाठी, म्हणजे पतंगाच्या अळीसाठी. कृषी केंद्रात अळीसाठी म्हणून मिळणारी साधी बीटी पावडर चिलटांवर चालत नाही. बीटीआय ही त्याच जिवाणूची वेगळी उपजात, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडलेली, आणि डासांच्या अळ्या मारायला वापरली जाते. अळीने ती खाल्ली की आतड्यात तिच्या प्रथिनाचे स्फटिक विरघळतात आणि आतड्याला भोकं पडतात. माणूस, पाळीव प्राणी, गांडूळ यांना त्याने काही होत नाही. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून मातीत ओता. अंडी आणि कोष काही खात नाहीत, म्हणून एकदा ओतून भागत नाही. दर पाच-सात दिवसांनी, तीन आठवडे. मध्येच सोडलं तर सगळं पहिल्यापासून.

काड्यापेटीच्या काड्या मातीत उलट्या खोचण्याचा उपाय मी कधी चाललेला पाहिला नाही. दालचिनीची पूड वरच्या बुरशीला थोडी आवरते, अळीला नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड लागेल तिथली अळी मारतं, पण मातीतले उपयोगी जीवही मारतं. मी वापरत नाही. आणि घरात, लहान मूल असताना, कुंडीत दाणेदार कीटकनाशक टाकू नका, कोणीही सांगितलं तरी.

राहिल्या बाथरूममधल्या माशा. त्या वेगळ्या. पंख केसाळ, घराच्या छपरासारखे मिटलेले, अंग राखाडी, भिंतीवर पतंगासारख्या चिकटून बसतात. त्या मोरीच्या पाइपमध्ये आतून साचलेल्या बुळबुळीत थरात वाढतात. कुठल्या नालीतून येतात ते पाहायचं असेल तर रात्री जाळीवर चिकटपट्टी उलटी, चिकट बाजू खाली करून लावा, हवेला थोडी जागा सोडून. सकाळी तिला माशा चिकटलेल्या असल्या की ती नाली. उकळतं पाणी किंवा फिनेल ओतून तो थर सुटत नाही, वरून वाहून जातं. जाळी काढा, लांब दांड्याच्या ब्रशने पाइप आतून हात पोचेल तिथपर्यंत घासा, थर बाहेर काढा, आठ दिवसांनी परत घासा.